साठीनंतरचं लग्न: आधी काय उरकायचं

काका, काकूंच्या मागे तुम्ही पुन्हा लग्न करायचं म्हणता, मुलांचा विरोध आहे आणि मुलगी तुमच्यावर रुसली आहे. मनं जुळली आहेत ना, मग घाई नको. मुलांचा विरोध बहुतेक वेळा माणसाला नसतो, कोथरूडच्या फ्लॅटचं काय होणार या धास्तीला असतो. म्हणून त्यांच्यावर चिडण्याआधी कागद करा. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायदा 1956 प्रमाणे नव्या पत्नीला प्रत्येक मुलाइतकाच वाटा मिळतो. मृत्युपत्राचा मसुदा आत्ताच करा, सही लग्नानंतर लगेच. त्यात स्पष्ट लिहा: फ्लॅट मुलांना, पण पत्नीला हयातभर तिथे राहण्याचा हक्क. ही एक ओळ राहून गेली की तेराव्यानंतर भांडण ठरलेलं. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, तरी कराच. साक्षीदार दोन, तुमच्याहून तरुण आणि वाटा न मिळणारे. तुमची बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सहीच्याच तारखेचा. आणि सोसायटीतलं नॉमिनेशन, म्हणजे तुमच्यानंतर कुणाचं नाव लावायचं याची नोंद, ही मालकी नव्हे, इथे पुष्कळजण फसतात.

नोंदणी पद्धतीने लग्न करायचं तर विशेष विवाह कायद्याखाली 30 दिवसांची नोटीस लागते. तो महिना मुलीशी बोलायला वापरा. सारसबागेत, सकाळी, दोघंच. आपलं काय चुकलं ते एका वाक्यात सांगा आणि पुढे ‘पण’ जोडू नका. तिने लगेच माफ केलं नाही तरी फोन चालू ठेवा. काकूंचा फोटो मात्र भिंतीवरच राहू द्या.