कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवताय? आधी एवढं बघा

जुन्या इंजिनाला फ्युएल इंजेक्शन (कार्ब्युरेटरऐवजी दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा) बसवायचं म्हटलं की सगळे आधी ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या मागे लागतात. तू पेट्रोलच्या लाइनपासून सुरुवात कर. कार्ब्युरेटरला साधारण ०.३ बार दाब पुरतो, पोर्ट इंजेक्शनला (सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारणाऱ्या) जवळपास ३ बार लागतो. म्हणजे जुना पंप, जुने पाइप, साध्या क्लिपा सगळं बाद. इंजेक्शनसाठीचाच होज घे. गरम मॅनिफोल्डवर (इंजिनाला जोडलेल्या धुराच्या पाइपांवर) पेट्रोलची चिळकांडी उडाली तर गाडीच पेटेल. प्रेशर रेग्युलेटरकडून जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी लाइनही विसरू नकोस. नवशिके हमखास तिथेच चुकतात.

मग वायरिंग. इंजिन, बॉडी आणि बॅटरी यांच्यात जाड, स्वच्छ अर्थची (ग्राउंडची) वायर हवी. ‘ईसीयू खराब आहे’ म्हणून माझ्याकडे आलेल्या बऱ्याच गाड्यांत अर्थची वायरच ढिली निघाली. (माझ्या स्वतःच्याही!)

इंजेक्शनचा पंप आणि ईसीयू जास्त वीज खातात, म्हणून नवा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) लावताना:
- पुली एका रेषेत आहेत का, पट्टी धरून बघ. जरा तिरकी असली तरी बेल्ट किंचाळतो.
- चार्जिंगची वायर नव्या अँपिअरला पुरेल अशी जाड टाक.

आणि एका वेळी एकच बदल. ट्यूनिंगचे मॅप (किती पेट्रोल कधी सोडायचं हे ईसीयूला सांगणारे तक्ते) सध्या राहू देत, आधी इंजिन नीट सुरू होऊन आयडलला, म्हणजे रेस न देता टिकू दे.