इमारतीला कमान लावली की ती 'आपली' होते का?

तुमचे खरं तर दोन प्रश्न आहेत. नव्या इमारतीत परंपरेची ओळख कशी राखायची हा एक, आणि हेच सबंध शहराच्या आराखड्यात कसं उतरवायचं हा दुसरा. काचेच्या ऑफिस-इमारतीला पुढून कमानी आणि जाळ्या लावतात, तेवढं पुरे का, असंही तुम्ही विचारलंय. मी आर्किटेक्चरच्याच व्यवसायात आहे, म्हणून सरळ सांगतो: पुरे नाही. बऱ्याचदा ती सुरुवातसुद्धा नसते.

जाळीच घ्या. जुन्या दगडी जाळीत भोकाची रुंदी आणि दगडाची जाडी यांत फारसा फरक नसतो. दोन्ही सारखी असली, की सूर्य ४५ अंशांच्या वर गेल्यावर थेट ऊन आत शिरत नाही. भोकांच्या कडांवर आपटून मऊ झालेला उजेड तेवढा येतो. आता हीच नक्षी तीन मिलिमीटरच्या पत्र्यात लेझरने कापा आणि काचेपुढे टांगा. भोक पाच सेंटिमीटरचं, जाडी तीन मिलिमीटरची. भोकांतून ऊन सरळ आत येतं आणि तापलेला पत्रा दिवसभर काचेवर उष्णता ओकत राहतो. मग एसीचा लोड वाढवा. एलिव्हेशनच्या, म्हणजे समोरून दिसणाऱ्या बाजूच्या ड्रॉइंगवर दोन्ही जाळ्या हुबेहूब सारख्या दिसतात, फरक कळतो तो सेक्शन कापल्यावर, म्हणजे उभा छेद काढून पाहिल्यावर. म्हणून कोणी 'पारंपरिक टच' असलेलं डिझाइन दाखवलं की मी आधी सेक्शन मागतो.

(जाळीचं आणखी एक काम होतं: आतल्या बायकांना बाहेरचं दिसावं, त्या मात्र कोणाला दिसू नयेत. परंपरेतलं सगळंच उचलायचं नसतं. जुन्या शहरांच्या रचनेत कोणी कुठे राहायचं, कोणत्या वाटेने जायचं हेही ठरलेलं असायचं. सावली घ्यावी, पडदा सोडून द्यावा.)

आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची मुंबईतली कांचनजंगा इमारत या बाबतीत शिकण्यासारखी आहे. १९८३ मध्ये पूर्ण झालेली, २८ मजल्यांची, काँक्रीटची. एक कमान नाही, एक कोरीव खांब नाही. पण अडचण जुनीच होती: मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, आणि दुपारचं ऊन व पावसाची झडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे राहत्या खोल्यांभोवती फिरवलेला व्हरांडा. कोरियांनी तो व्हरांडा उचलून टॉवरच्या कोपऱ्यांत नेला आणि दोन मजले उंचीच्या बागेसारख्या गच्च्या केल्या. रस्त्यावरून पाहणाऱ्याला तिथे परंपरा दिसणारच नाही, राहणाऱ्याला ती रोज संध्याकाळी उपयोगी पडते. आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे यांची पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या गांडो गावची शाळाही याच जातकुळीतली (२००१). भिंती तिथल्याच मातीच्या, पण विटांत थोडं सिमेंट मिसळलेलं. वर पत्र्याचं छप्पर, पण विटांच्या छतापासून उचलून धरलेलं, म्हणजे मधून वारा खेळतो आणि गरम हवा निघून जाते. गावातल्या जुन्या घरांसारखी ती मुळीच दिसत नाही. तरी ती परकी वाटत नाही, कारण ती गावकऱ्यांनी स्वतः बांधली.

उलट बाजू आर्किटेक्ट हसन फताहींच्या न्यू गुर्ना या गावात दिसते. इजिप्तमध्ये लक्सरजवळ १९४० च्या दशकात त्यांनी मातीच्या विटा, घुमट, न्यूबियन (दक्षिण इजिप्तकडच्या न्यूबिया प्रदेशातल्या) पद्धतीच्या कमानदार छतांचं अख्खं गाव उभारायला घेतलं. काम अप्रतिम होतं, आजही आर्किटेक्चरच्या वर्गांत शिकवतात. पण ज्यांच्यासाठी ते बांधलं त्यांना तिथे जायचंच नव्हतं. त्यांची जुनी घरं प्राचीन थडग्यांच्या परिसरात होती आणि पोटापाण्याचं बरंचसं त्यावरच चालायचं. गाव अर्धवट राहिलं. माल अस्सल, कारागिरी अस्सल, पण 'तुमची परंपरा ही' असं बाहेरच्याने येऊन सांगितलेलं. हा धोका आजच्या प्रत्येक 'हेरिटेज थीम' टाउनशिपमध्ये आहे, आणि तिथे तर कारागिरीही अस्सल नसते.

मग नक्षी, रंग, घुमट यांना काहीच किंमत नाही का? आहे. दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालेला वॉर्साचा जुना भाग लोकांनी जुनी चित्रं समोर ठेवून पुन्हा उभा केला, आणि १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटलं. त्याला 'नक्कल' म्हणून नाक मुरडणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंशी माझं पटत नाही. ज्यांच्याकडून ते हिसकावलं गेलं होतं, त्यांनी ते परत घेतलं. चीनमधल्या निंगबो इथल्या इतिहास संग्रहालयात (२००८) आर्किटेक्ट वांग शू यांनी आसपासच्या पाडलेल्या गावांतल्या विटा आणि कौलं नव्या भिंतींत रचली. आकार पूर्णपणे आजचा, अंगावरचं कातडं त्या गावांचं. सजावटीवर माझा राग नाहीच. ती कोणी केली आणि कशाच्या बदल्यात केली, एवढंच मी विचारतो.

आता शहराकडे येतो, कारण इथे खरी गोम आहे आणि तिच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. शहराची ओळख एलिव्हेशनमध्ये थोडी असते. ती जास्त असते प्लॉटच्या आकारात, घर रस्त्याला कुठे भिडतं त्यात, आणि मोकळी जागा घराच्या आत आहे की बाहेर यात. हे सगळं डिझायनर ठरवत नाही, विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे बांधकामाचे सरकारी नियम ठरवतात.

समजा १० बाय १५ मीटरचा, म्हणजे १५० चौरस मीटरचा प्लॉट आहे. नियम म्हणतो, चारही बाजूंनी दीड मीटर सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी जागा सोडा. बांधायला उरतात ७ बाय १२, म्हणजे ८४ चौरस मीटर. बाकीचे ६६ चौरस मीटर घराभोवतीच्या चिंचोळ्या पट्टीत जातात, आणि तिथे पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर आणि अडगळ याशिवाय काही होत नाही. शेजारच्याशी भिंत सामाईक ठेवायची मुभा दिली, तर त्याच ६६ मीटरांत मधोमध ६ बाय ६ चा चौक, म्हणजे घराच्या आतलं उघडं अंगण बसतं, आणि शिवाय रस्त्याकडेला १० बाय ३ ची पट्टी ओट्या-पडवीसाठी उरते. बांधकाम तितकंच, मोकळी जागा तितकीच. पण एका नियमात चौकाचं घर शक्य आहे आणि दुसऱ्यात बेकायदा. उंच इमारतींना अग्निशमनाची गाडी फिरायला चारही बाजूंनी जागा लागते, हे मान्य. दोन-तीन मजली घरांना तोच साचा का, याचं पटणारं उत्तर मला मिळालेलं नाही. चौक कायद्याने हद्दपार करायचा आणि मग कंपाउंडच्या भिंतीवर पारंपरिक चित्रं काढून 'ओळख जपली' म्हणायचं, असा हा प्रकार आहे.

म्हणून कोरियांचं बेलापूरचं गृहसंकुल मला कांचनजंगापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. १९८० च्या दशकात नवी मुंबईत बांधलेली बैठी-दुमजली घरं, सात-सात घरांचे पुंजके, मध्ये आठ मीटरचं चौकोनी अंगण. पुढे रहिवाशांनी मूळ घरं पाडून मोठी काँक्रीटची घरं बांधली, प्रत्येकाने आपापल्या आवडीची. कोरियांची उतरती कौलारू छपरं कितीतरी ठिकाणी गेली, पण अंगणांची मांडणी राहिली. जे एलिव्हेशनमध्ये होतं ते पुसलं गेलं आणि जे आराखड्यात होतं ते टिकलं.

नियमांनी ओळख जपायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. भूतानमध्ये नव्या इमारतींवर पारंपरिक खिडक्या, कॉर्निस (छपराखालची पुढे आलेली पट्टी), नक्षी घालावी लागते. त्यामुळे लाकडी तुळयांची टोकं काँक्रीटमध्ये ओतून रंगवलेली दिसतात. शहर एकजिनसी दिसतं, पण त्या तुळया काही पेलत नाहीत. क्योतोने २००७ मध्ये वेगळी वाट धरली: मध्यवर्ती भागातली कमाल उंची ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आणली आणि गच्चीवरच्या व लुकलुकणाऱ्या जाहिरातींवर बंदी घातली. मागचे डोंगर दिसत राहावेत, हा त्यामागचा एक हेतू. मला यांतलं दुसरं जास्त पटतं, कारण उंची, रस्त्याची कड आणि नजरेची रेषा एवढं बांधून घेतलं की आतलं डिझाइन हवं तितकं नवं असू शकतं.

तुम्ही विद्यार्थी असाल किंवा एखाद्या आराखड्यावर हरकत-सूचना देणार असाल, तर शैलीवर शब्द खर्च करू नका. एक जुना, अजून वापरात असलेला रस्ता निवडा आणि मोजा: प्लॉटची रुंदी किती, किती पावलांवर एक दार येतं, सलग बंद भिंत कुठे आणि किती लांब, दुपारी दोन वाजता सावली कुठल्या बाजूला. हे आकडे नियमाच्या भाषेत मांडता येतात: बांधकामाची रेषा रस्त्याला भिडावी, तळमजल्यावर अमुक लांबीपेक्षा जास्त बंद भिंत नको, कमी उंचीच्या घरांना सामाईक भिंत चालेल. आणि यांत एक कलम विसरू नका, ते म्हणजे प्लॉट एकत्र करण्यावरची मर्यादा. पाच छोटे प्लॉट जोडून एक मोठा झाला, की पाच दारांच्या जागी एक गेट आणि पार्किंगचा रॅम्प येतो. मग त्या इमारतीला कितीही सुंदर कमानी लावा, रस्ता गेलेला असतो.