‘मी नंतर जेवते’

*पत्र:* ताई, आम्ही गडहिंग्लज तालुक्यातले. थोरला मुलगा वीस वर्षांचा, पुण्यात फार्मसीला आहे. दिवाळीला आला तेव्हा केस मानेखाली वाढलेले. भाऊबीजेला सगळे पानावर बसलो होतो, तर म्हणाला, “मी नंतर जेवते.” रात्री विचारलं, तर म्हणाला, “आई, मी मुलगी आहे. लहानपणापासूनच.” डोक्याला तेल लावताना मागे केसांचा गुंता हाताला लागला. सासूबाईंनी तो बघितला आणि हात जोडले. म्हणाल्या, यल्लम्मा देवीनं जट दिली, हाक मारलीय. पुनवेला सौंदत्तीला नेऊन मोती बांधा, देवीला सोडा, नाहीतर घराचं वाटोळं होईल. दीर म्हणतात, हे मोबाईलमधलं परदेशी खूळ, कानाखाली दोन वाजवा, उतरेल. मुलगा म्हणतो, “मी जोगता होणार नाही. मी ट्रान्सजेंडर आहे, मला शिकायचंय.” यजमान बोलतच नाहीत. मी कोणाचं ऐकू? – एक आई

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या पंगतीपाशी थांबले. ‘जेवते.’ आपल्या मराठीत स्वतःबद्दल साधं वाक्य बोलायचं तरी आपण बाई की पुरुष ते सांगावं लागतं. जातो की जाते, आलो की आले. तुमच्या शेजारच्या कानडीत तसं नाही, तिथे ‘मी जेवतो’ आणि ‘मी जेवते’ हे एकच वाक्य. बंगालीतही तेच. तिकडच्या मुलाला मनातलं मनात ठेवून बोलता तरी येतं. आपल्याकडच्या लेकराला तोंड उघडलं की आधी खोटं बोलावं लागतं. वीस वर्षं ती ‘जेवतो’ म्हणत आली आणि भाऊबीजेच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, ‘जेवते’ म्हणाली. त्याआधी कितीदा तिनं ते मनात म्हणून पाहिलं असेल! तिनं स्वतःला जे म्हटलं तेच मी म्हणणार, म्हणून इथून पुढे ‘ती’ लिहिते. पहिल्यांदा खटकेल, पण वाचत राहा.

आधी तुमच्या दिरांचं. ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द बाहेरून आला, हे खरं आहे. माणसं बाहेरून आलेली नाहीत. कोल्हापूरहून दर वर्षी एसटी भरभरून लोक सौंदत्तीच्या डोंगरावर जातात, दीरही लहानपणी गेले असतील. तिथे साडी नेसलेले, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिची मूर्ती ठेवलेली टोपली, घेतलेले, चौंडक्यावर गाणारे जोगते त्यांनी पाहिलेच असणार. मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवीबरोबर तेही बांगड्या फोडतात. इकडे तमिळनाडूत, कूवागम नावाच्या गावात, चैत्राच्या सुमारास हजारो तिरुनंगै जमतात. पुरुषाच्या देहात जन्मलेल्या बायकांना तिकडे तिरुनंगै म्हणतात. अर्जुनाचा मुलगा अरवान याच्याशी त्या लग्न लावतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नावानं बांगड्या फोडून पांढरी साडी नेसतात. देव वेगळा, कथा वेगळी, भाषा वेगळी, आणि तरी बांगड्या तशाच फुटतात. मला हे वाचताना दर वेळी गलबलून येतं.

आणखी लांब जाऊ. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या दक्षिणेला बुगी नावाचा समाज आहे. त्यांच्या भाषेत माणसाचे पाच प्रकार सांगतात: पुरुष, बाई, बाईच्या देहात जन्मून पुरुषासारखा जगणारा, पुरुषाच्या देहात जन्मून बाईसारखी जगणारी, आणि पाचवा बिस्सू, म्हणजे पूजाविधी करणारा, ज्याच्यात दोन्ही आहे असं मानतात. मेक्सिकोत हुचितान गावी सापोतेक लोकांमध्ये ‘मुशे’ असतात. पॅसिफिक महासागरातल्या सामोआत ‘फाअफाफिने’ म्हणतात, शब्दाचा अर्थच ‘बाईच्या रीतीनं’. त्या घरातच वाढतात, घरातच राहतात, म्हाताऱ्यांचं करतात. अमेरिकन सामोआच्या फुटबॉल संघात जायाह साएलुआ नावाची फाअफाफिने बचावफळीत खेळायची. २०११ साली विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात त्यांनी टोंगाला २-१ नं हरवलं तेव्हा ती मैदानात होती, पुरुषांच्या संघात. यातलं कोणी मोबाईल बघून बिघडलेलं नाही.

आता सासूबाई. ताई, त्यांच्यावर रागावू नका. तुमच्या घरात हात उगारण्याऐवजी हात जोडले ते त्या एकट्या माऊलीनं. नातवंडात काहीतरी वेगळं आहे, ते खरं आहे आणि ते पवित्रही असू शकतं, हे त्यांना कळलं. दिरांना ते कळलं नाही. पण त्यांच्यापाशी त्यासाठी एकच साचा आहे, आणि तो तुमच्या मुलीच्या मापाचा नाही.

हे असं सगळीकडेच झालंय. प्रत्येक समाजानं अशा माणसांना जागा दिली ती आपल्या सोयीनं, आपल्या अटींवर. इराणात १९८०च्या दशकात तिथले सर्वोच्च धर्मगुरू खोमेनी यांनी फतवा काढून लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेला मान्यता दिली, पण मान्यतेचा रस्ता शस्त्रक्रियेतूनच जातो. अल्बेनियाच्या डोंगराळ भागात बाई पुरुष म्हणून जगू शकायची, घराची कर्ती होऊ शकायची, मात्र आयुष्यभर लग्न न करण्याची शपथ घेऊन. आपल्याकडे जागा मिळाली ती देवीच्या दारात. तिथे मान आहे, पाया पडणारे लोक आहेत. पण जोगव्यावर जगायचं, शाळा सुटायची, घराचा उंबरा परका व्हायचा.

कर्नाटकातल्या मंजम्मा जोगती यांचं आयुष्य सासूबाईंना सांगा. बळ्ळारी जिल्ह्यातलं हे लेकरू. वयात येताना मुलीसारखं वागतंय म्हणून घरच्यांनी देवीच्या नावानं विधी केला, आणि मग घरातच त्याला जागा उरली नाही. साडी नेसून भीक मागून पोट भरायची वेळ आली. पुढे एका वडीलधाऱ्या जोगतीकडून त्या नाच शिकल्या, कर्नाटक जानपद अकादमीच्या, म्हणजे तिथल्या लोककलेच्या सरकारी संस्थेच्या, अध्यक्ष झाल्या. २०२१ साली पद्मश्री घ्यायला राष्ट्रपतींसमोर उभ्या राहिल्या तेव्हा आधी त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली. ते दृश्य मिळवून सासूबाईंना दाखवा, त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळेल. आणि मग सांगा, या बाईंना देवीनं सांभाळलं असेल, पण घरानं सोडलं होतं. आपल्याला सोडायचं नाहीये.

मोती बांधायचे नाहीत, ताई. तिच्या मनाविरुद्ध तर अजिबात नाही. वीस वर्षांची आहे ती. उद्या स्वतःहून देवीला जावंसं वाटलं, तर चारचौघींसारखी ओटी भरायला जाईल. आणि ती जट म्हणजे वसतिगृहात नीट न विंचरलेल्या केसांचा गुंता आहे. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी कितीतरी बायकांच्या जटा सोडवल्या, कोणाचंच वाटोळं झालं नाही. खोबरेल तेल चोपडून रात्रभर ठेवा, मग मोठ्या दातांच्या फणीनं खालून वर सोडवत जा. तासभर लागेल. त्या तासात तुम्ही दोघी बोलालही.

यजमानांना दोन गोष्टी सांगा. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या निकालात तृतीयपंथीयांचे माणूस म्हणून असलेले मूलभूत हक्क मान्य केले. २०१९ च्या कायद्याच्या व्याख्येत तर हिजडा, किन्नर, अरवानी यांच्याबरोबर ‘जोगता’ हा शब्दही आलाय. म्हणजे सासूबाईंचा शब्द आणि लेकीचा शब्द सरकारी कागदावर एकाच ओळीत बसलेत, तुमच्या घरात बसायला हरकत नसावी. दुसरं, हा डोक्याचा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मंजूर केलेल्या नव्या यादीत हे मानसिक विकारांतून वगळलंय. डॉक्टरकडे जायचंच, पण तिला ‘सरळ’ करून देतो म्हणणाऱ्याकडे नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे तिची घालमेल ऐकायला जा, आणि औषधं घ्यायची झाली तर ग्रंथींच्या डॉक्टरकडे. मैत्रिणीच्या सांगण्यावरून गोळ्या आणून खाऊ नकोस, एवढं मात्र तिला नक्की बजावा. फार्मसी शिकतेय, तिला कारण पटेल.

दिरांनी हात उचलला तर मध्ये उभ्या राहा. यात मी दुसरा काही सल्ला देणार नाही.

तुम्ही विचारलंत, कोणाचं ऐकू. तिचं ऐका. तिनं मागितलंय तरी काय? शिकायचंय म्हणाली.

तुम्ही लिहिलं नाहीये, पण दिवाळीनंतर ती पुण्याला परत गेली असेल आणि तुम्ही तिला फोन करत असाल. आई फोनवर पहिलं विचारते ते ‘जेवलास का?’ या वेळी ‘जेवलीस का?’ म्हणून बघा. तिकडून काय उत्तर आलं, ते मला नक्की कळवा.