शिफ्ट-डिलीटने डी ड्राइव्हमधले नागपूरच्या मारबत मिरवणुकीचे फोटो उडाले, परत मिळतील का?

मिळू शकतात, पण आधी त्या ड्राइव्हवर काहीही सेव्ह करणं थांबवा. डिलीट करताना विंडोज फक्त फाइलची नोंद पुसते, फोटो तिथेच पडून असतो. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मग मात्र गेलाच. म्हणून रिकव्हरीचं सॉफ्टवेअरही त्याच ड्राइव्हवर उतरवू नका.

माझे नागपूरच्या इतवारीत काढलेले फोटो असेच गेले होते. फोटोरेक (PhotoRec) नावाचं रिकव्हरी सॉफ्टवेअर वापरलं. फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालतं. काळी खिडकी उघडते, घाबरायचं काम नाही जी. सापडलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर घ्या. फाइलची जुनी नावं मात्र परत येत नाहीत: काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे (हे सगळे मिरवणुकीतले पुतळे) आणि बाबांच्या आधार कार्डाचे स्कॅन, सगळे 'एफ' आणि पुढे लांबलचक आकडा अशा नावांनी एकाच ढिगात! निवडायला दोन रात्री गेल्या.

हे सगळं जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचं. एसएसडी (फिरते भाग नसलेली नवी डिस्क) असेल तर ट्रिममुळे, म्हणजे डिलीट झालेली जागा आपोआप साफ करणाऱ्या सोयीमुळे, रिकाम्या जागेतला डेटा बहुतेक लगेच जातो, तिथे फार आशा धरू नका. कॅमेऱ्याच्या कार्डावर नंतर फोटो काढले नसतील, तर आधी तेच फोटोरेकने तपासा.