हॉट टबचा पंप गेला म्हणून ९,००० डॉलरचा नवा टब घ्यायचा का?

ताई नमस्कार, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा मागच्या डेकवर हॉट टब (गरम पाण्यात बसायचा मोठा टब) आयताच मिळाला, तो आता ११ वर्षांचा झालाय, आणि गेल्या आठवड्यापासून स्क्रीनवर सारखं एफएलओ येतंय आणि हीटर बंद पडतोय. टेक्निशियन म्हणाला, “सर्क्युलेशन पंप (हीटरमधून पाणी फिरवत ठेवणारा) गेला, मजुरी धरून ७८० डॉलर, पण मी तुमच्या जागी असतो तर नवीन टबच घेतला असता.” नवीन टब ९,००० ला, १८ महिने व्याज नाही. मिस्टरांचं म्हणणं ४०१(के) मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यातून, लोन काढू. बाजूला ठेवलेले १४,००० आहेत आणि लेक पुढच्या वर्षी कॉलेजला जाणार.

मला यात सगळ्यात कामाचं वाक्य वाटलं ते तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेलं, की हे सुरू व्हायच्या आदल्या रविवारी मिस्टरांनी टबचं पाणी बदललं होतं. अहो, मेख तिथेच असू शकते!

एफएलओ म्हणजे पंप मेला असं नसतं, हीटरमधून पुरेसं पाणी वाहत नाहीये एवढंच ते मशीन सांगतंय. टब रिकामा करून भरला की पाइपात हवा अडकते, आणि हा पंप असतो इवलासा, जेट्सच्या मोठ्या पंपासारखा त्याला जोर नसतो, मग तो नुसताच गरगरत बसतो आणि पाणी काही पुढे सरकत नाही. गावाकडे विहिरीवरच्या मोटरने एअर धरली की होतं तेच. त्यामुळे पैसे काढायच्या आधी एक शनिवार सकाळ काढा. पाण्याची लेव्हल बघा, मग फिल्टर बाहेर काढून टब दोन-चार मिनिटं चालवून बघा (तेवढा वेळ पाण्यात कुणी उतरायचं नाही, हातपण घालायचा नाही). एफएलओ गेलं तर दोष फिल्टरचा, पंपाचा नाही. नाही गेलं तर ब्रेकर पाडून साइडचं पॅनल उघडा आणि पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत का बघा, पाणी काढताना बंद केलेला व्हॉल्व्ह परत उघडायचा विसरणं हे फार कॉमन आहे, मिस्टरांना रागावू नका. मग पंपावरचा युनियन नट (पंप आणि पाइप जोडणारा मोठा नट) अर्धा-एक आटा सैल करा, फुस्स करून हवा जाईल आणि पाणी झिरपायला लागलं की परत घट्ट करायचा. बस.

एवढं करूनही चालत नसेल तर पंप नुसता गुणगुणतोय, की एकदम गप्प आहे, की खालून पाणी गळतंय, ते लिहून ठेवा. गुणगुणतोय म्हणजे बहुतेक आतला पंखा कचऱ्याने किंवा क्षाराने अडकलाय. गळतोय म्हणजे सील गेलं. गप्प असेल तर पंपापर्यंत करंट पोचतोय का हे मल्टिमीटरने बघावं लागतं, ते मात्र घरी करू नका, तिथे २४० व्होल्ट असतात. आणि त्या टेक्निशियनला सरळ विचारा, मीटर लावून बघितलं होतं का स्क्रीन बघूनच सांगितलं? माझ्या साडूने असाच ६४० डॉलरचा पंप बदलून घेतला, आठवड्याने तोच एरर परत आला आणि शेवटी निघाला ४५ डॉलरचा फिल्टर. लग्नाकार्यात अजून त्याला चिडवतो आम्ही.

आता पैशाचं. पंप खरंच गेला असेल तर मी ७८० खर्च करीन, पण दुसरं कोटेशन घेऊन, कारण पंपाची नुसती किंमत साधारण १५० ते ४०० असते. घराची होम वॉरंटी (घरातल्या उपकरणांच्या दुरुस्तीचा करार) चालू असेल तर त्यात स्पाचं, म्हणजे हॉट टबचं, ॲड-ऑन आहे का तेही बघा. ११ वर्षांच्या टबात उद्या हीटर जाईल, परवा कंट्रोल बोर्ड जाईल, हे मान्य, म्हणून आत्ताच ठरवून टाका की या टबावर वर्षभरात १,५०० च्या वर एक डॉलर नाही.

नव्या टबच्या १८ महिन्यांबद्दल जरा सावध राहा. ते खरंच शून्य व्याज आहे की डिफर्ड इंटरेस्ट, ते कागदावर वाचा. डिफर्ड असेल तर शेवटच्या दिवशी थोडी जरी रक्कम राहिली तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं. हिशोब करा ना, महिना ५०० भरले तर बरोबर १८ महिन्यांत फिटतं, ४५० भरले तर ९०० उरतात, आणि २७ टक्क्यांचा दर धरला तर त्या ९०० पायी व्याजच २,००० च्या वर जातं. आणि हे १८ महिने संपणार कधी, तर लेकीच्या कॉलेजची फी भरायच्या सुमारास.

४०१(के) ला तर हातच लावू नका. मिस्टरांच्या कंपनीत लेऑफ चालू आहेत असं तुम्हीच लिहिलंय. नोकरी गेली की उरलेलं लोन त्या वर्षीच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावं लागतं, नाही जमलं तर ती रक्कम काढली असं धरून टॅक्स लागतो आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर बहुतेक वेळा वर १० टक्के पेनल्टी. टबसाठी? नको हो.

एक मात्र विचारतो, राग मानू नका. गेल्या वर्षात टबात किती वेळा बसलात? दहाच्या आत आकडा असेल तर दुरुस्तीही नको, काढूनच टाका, डेक मोकळा होईल आणि विजेचं बिलही उतरेल. बिल खातो तो हीटर, बरं का. पंप ६० वॉटचा धरला तर २४ तास चालून महिन्याला ४३ युनिट, म्हणजे युनिटला १८ सेंट धरले तर पावणेआठ डॉलर फक्त.

आणि हे सगळं ठरवायला महिना लावू नका, जानेवारी आहे. पाणी वाहत नसताना थंडी शून्य सेल्सिअसखाली गेली की पाइपातलं पाणी गोठतं आणि पाइप फुटतात, मग ७८० चे कितीही होतील. या वीकेंडला जमणार नसेल तर ब्रेकर पाडा, टब पूर्ण रिकामा करा, आणि पाइपात उरलेलं पाणी शॉप व्हॅकने (पाणीही ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने) ओढून काढा, शेजाऱ्यांकडे असतोच एखादा.