‘इंडिजिनस लीड’ला मराठीत काय म्हणायचं? आणि ‘अनसीडेड’ला?

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्या शहराच्या हवामान धोरणावर लेख लिहितायत. पालिकेच्या पर्यावरणाच्या कामात तिथल्या मूळ समाजांतली माणसं जबाबदारीच्या पदांवर असतात, पदाच्या नावात ‘इंडिजिनस’ आणि ‘लीड’ असे शब्द येतात. ताईंनी त्याचं ‘मूलनिवासी नेता’ केलं, तर घरच्यांनी विचारलं की हा कुठल्या पक्षाचा? शिवाय शहराच्या जमिनीला लावतात त्या ‘अनसीडेड’ या शब्दापाशी त्या अडकल्यात.

आधी इंडिजिनस. ‘मूलनिवासी’ शब्दार्थानं बरोबर वाटतो, पण महाराष्ट्रात तो शब्द बामसेफ या संघटनेच्या चळवळीतून रुळलाय, तिथे त्यात अनुसूचित जाती, ओबीसी असे सगळे बहुजन येतात, म्हणजे व्याप्तीच वेगळी. ‘भूमिपुत्र’ तर नकोच. गोव्यात २०२१ साली भूमिपुत्र विधेयक आलं तेव्हा ३० वर्षं राहणाऱ्या कुणालाही भूमिपुत्र म्हणायला तिथल्या आदिवासी समाजानं हरकत घेतली, आणि मुख्यमंत्र्यांना विधेयकाच्या नावातून तो शब्द काढू असं सांगावं लागलं. मी सरळ ‘आदिवासी’ लिहीन. संयुक्त राष्ट्रांचा ९ ऑगस्टचा जो इंडिजिनस लोकांचा दिवस आहे तो आपल्याकडे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत ‘जागतिक आदिवासी दिन’ म्हणूनच साजरा होतो, म्हणजे ज्यांचा हा शब्द त्यांनीच तो भाषांतर करून ठेवलाय. आदिवासी म्हटलं की जंगलच डोळ्यासमोर येतं, शहराच्या लेखात कसं चालेल, असं ताईंना वाटतंय, पण मुंबईच्या हद्दीत आरेमध्ये वारल्यांचे पाडे आहेतच की. आणि एक, जुन्या पुस्तकांत अमेरिका-कॅनडाच्या या लोकांना ‘टोळ्या’ म्हटलेलं असतं, ते कृपा करून टाळा. टोळी आता दरोडेखोरांची असते. मस्क्वियम, स्क्वामिश, त्स्ले-वॉटूथ हे व्हँकुव्हरचे तिन्ही मूळ समाज स्वतःला नेशन म्हणवतात, त्यांची स्वतःची सरकारं आहेत, तेव्हा ‘राष्ट्र’च लिहा, वाचकाला पहिल्यांदा खटकेल पण खटकू दे.

आता ‘लीड’. इथे शब्दापेक्षा विभक्ती महत्त्वाची आहे आणि मला वाटतं खरी मेख इथेच आहे. मराठीत ‘आदिवासी विकास अधिकारी’ म्हटलं की तो अधिकारी स्वतः आदिवासी असतो असं कुणी धरत नाही, तो आदिवासींसाठी नेमलेला असतो. ही सवय आपल्या कानाला इतकी आहे की ‘आदिवासी हवामान अधिकारी’ लिहिलंत तर वाचक हमखास ‘साठी’ धरून वाचेल, आणि ताईंना सांगायचंय नेमकं उलटं, की धोरण त्यांच्यासाठी नाही, ते स्वतः ठरवतायत. त्यामुळे पदाचं नाव दोन-तीन शब्दांत कोंबू नका. पालिकेच्या नोकरीतली व्यक्ती असेल तर ‘हवामानाच्या कामाची धुरा ज्यांच्याकडे आहे त्या स्वतः आदिवासी समाजातल्या’ असं मोकळं लिहा. राष्ट्रानं पाठवलेली व्यक्ती असेल तर ‘स्क्वामिश राष्ट्राच्या प्रतिनिधी’. ही दोन माणसं वेगळी, पालिकेत नोकरी करणारा आदिवासी माणूस आपल्या राष्ट्राच्या वतीनं बोलतो असं आपोआप होत नाही. ‘सल्लागार’ हा शब्द तर फार जपून, कारण सल्लागाराचं ऐकायलाच पाहिजे असं नसतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हँकुव्हरच्या कौन्सिलनं संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्यावरचं जे धोरण मंजूर केलं, ७९ कलमांचं, ते या तीन राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी आणि पालिकेनं एकत्र बसून तयार केलेलं आहे. तिथे ‘सल्ला दिला’ लिहिलं तर ते चुकीचं होईल.

‘अनसीडेड’साठी मात्र आपल्याकडे इतका अस्सल शब्दप्रयोग आहे की मला हा प्रश्न वाचून आनंदच झाला. ताईंनी ‘असमर्पित भूमी’ केलंय, ते पूजेतलं वाटतं. आपल्या इतिहासात तह झाला की काय होतं? मुलूख तोडून देतात. पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिले, वसईच्या तहात बाजीरावानं इंग्रजांना मुलूख तोडून दिला, हे आपण शाळेत वाचलंय. व्हँकुव्हर ज्या प्रांतात आहे त्या ब्रिटिश कोलंबियाचा बराचसा भाग असा आहे की तिथे तहच झाला नाही, लोक आले आणि राहायला लागले. मग ‘कुठल्याही तहात तोडून न दिलेला मुलूख’ लिहा. मराठी वाचकाला त्यातला हक्क एका झटक्यात कळतो, कारण तह केल्याशिवाय मुलूख दुसऱ्याचा होत नाही हे त्याला माहीतच आहे. २०१४ च्या जूनमध्ये कौन्सिलनं ठराव करून हेच मान्य केलं, की आपलं शहर या तिघांच्या अशा मुलखावर उभं आहे.

आणि जमलं तर नावांचे अर्थही द्या. त्स्ले-वॉटूथ म्हणजे खाडीची माणसं, आपण ‘खाडीकर’ म्हणू तसं. बरार्ड इनलेट ही त्यांची खाडी. त्यांच्यात म्हणतात, ओहोटी लागली की ताट वाढलेलं असतं, म्हणजे पाणी हटलं की चिखलात शिंपले, खेकडे, सगळं जेवण समोर (आपल्या कोळणींना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही). १९७२ मध्ये प्रदूषणामुळे तिथले शिंपले काढणं बंद झालं, ते २०१६ साली त्यांनी पुन्हा काढले, इतकी वर्षं खाडीच्या पाण्यामागे लागल्यावर. अशा कामात ज्या वयस्क लोकांना ‘नॉलेज कीपर’ म्हणतात त्यांना ‘ज्ञानरक्षक’ करू नका, साधं ‘जाणते’ म्हणा. ओहोटी कधी, कुठल्या खडकापाशी काय मिळतं, पाणी कधी बिघडलेलं असतं, हे ज्यांना ठाऊक आहे ते जाणते. कोकणात आजही कुणाच्या घरी काही अडलं की जाणत्यालाच विचारतात.