आवडत्या समुद्रकिनाऱ्यातून प्रेमकादंबरी कशी सुचते?

सोलापूरच्या कोरड्या हवेत वाढल्यामुळे समुद्राची ओढ मला जरा जास्तच आहे, आणि हर्णैच्या किनाऱ्यावर पुन्हा पुन्हा गेल्यावर माझे मत असे झाले आहे की, कथानक सूर्यास्तापेक्षा तिथल्या दिनक्रमातून सुचते. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे पहाटेच्या ओहोटीत ओल्या वाळूवर चोरून भेटणाऱ्या दोघांची भेट आठवड्याभरात भर दुपारच्या उन्हात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येऊन ठेपते, आणि कादंबरीला हवा असलेला पेच समुद्रच घालून देतो. संध्याकाळी मासळीचा लिलाव रंगात आलेला असताना, टोपल्यांच्या गर्दीत त्याची होडी शोधणारी तिची नजर मला तर सुवर्णदुर्गाच्या देखाव्याहूनही मोलाची वाटते. शिवाय जून-जुलैत मासेमारी बंद असते, म्हणजे नायक गावातच असतो.